साळुबाईची टाच

कळंबात एखाद्या बाईच्या रूपाचं नाव निघतं, एखादीच्या हाताच्या चवीचं. साळुबाईचं निघालं ते टाचेचं, आणि त्या टाचेनंच तिचा घात केला.

लग्न होऊन आली तेव्हापासून गोठ्यात चार गाई आणि डोक्यावर घासाचा भारा. धारा हिनं काढायच्या, दूध जायचं डेअरीला. हिच्या वाट्याला कोरा चहा. बत्तिसाव्या वर्षी अंगावरून जायला लागलं, तेव्हा डॉक्टरनं पिशवी काढली, सोबत बीजांडंही काढली. टाके वाळले न वाळले तोच नवरा भिमाजी म्हणाला, "झालं की आता. उचल भारा." पुढं काही वर्षांत तिचा खुबा ठणकायला लागला. भिमाजीच्या लेखी ते ढोंग.

२००५ साली डेअरीनं देवळात हाडं तपासायचं फुकट शिबिर ठेवलं. भिमाजी स्वतः बायकोला घेऊन निघाला. "मशीन खोटं बोलत न्हाई. हाड कच्चं निघालं तर भारा बंद, मजुरीची बाई लावतो. पक्कं निघालं तर पुन्यांदा रडायचं न्हाई." साळुबाईनं वाटेतच लेण्याद्रीच्या गणपतीला नारळ बोलला, हाड कच्चं निघू दे म्हणून. असला नवस गणपतीनंही पहिल्यांदाच ऐकला असेल.

मशीन फक्त टाचेचं हाड मोजायचं. साळुबाईनं त्यात पाऊल ठेवलं. तपासणारी मुलगी म्हणाली, "मावशी, टाच छान आहे. पण जन्मभर ओझं वाहणाऱ्या बाईची टाच छानच असते. सगळी हाडं सारखी नसतात. बीजांडं लवकर काढलीत, पोटात दूध नाही. खुबा आतून पोकळ झाला असेल. पुण्यात त्याची तपासणी करून घ्या."

भिमाजीनं 'छान' तेवढं ऐकलं. "का वं ताई, टाच एका बाईची आन् खुबा दुसऱ्या बाईचा हाय का?" देवळात हशा पिकला. साळुबाई खाली मान घालून चप्पल शोधत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून भारा वाढला. दोन वर्षांनी बांधावरून येताना ती घसरली नाही, ठेचकाळली नाही. चालता चालता खुब्यात कट्कन आवाज झाला आणि ती भाऱ्याखाली कोसळली. "ऊठ, लोकं बघत्यात," भिमाजी म्हणाला. आणि ती वेडी उठायलाही गेली!

डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. "हाड टणक हाय, आपसूक जुळंल," म्हणत भिमाजीनं तिला घरी आणलं आणि पायाला दोन विटा टांगल्या. डोक्यावरचं ओझं उतरलं ते असं, टाचेला येऊन लटकलं. हाड काही जुळलं नाही.

कुणी भेटायला आलं की तो गोधडी बाजूला सारायचा. "बघा पावणं, मशीननं पास केल्याली टाच." एकदा साळुबाई सगळ्यांसमोर बोलली, "बराबर बोलला व्हता तुमी. खुबा दुसऱ्या बाईचा व्हता. ती मेली. टाच तेवढी तुमची, ऱ्हाऊ द्या तुमाला."

"हिच्या जिभंला मातर हाड न्हाई," भिमाजी म्हणाला. पाहुणे हसले. मग त्यानं सुनेला, प्राचीला, हाक मारली. घास आणायची वेळ झाली होती.