बाईंची बोटं आणि भाऊंची संत्री

अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात आवाज दोनच. तळमजल्यावर मशीनचा आणि वरच्या मजल्यावर बाईंचा. मशीन जाड कागदावर ठिपके उठवायचं, आणि बाई त्या ठिपक्यांवरून बोटं फिरवत, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, खणखणीत वाचायच्या. टेबलाच्या पलीकडे भाऊ बसायचे. त्यांच्यापुढे शाईने छापलेली मूळ प्रत असे, जिला बाई ‘डोळस प्रत’ म्हणत. बाईंचं वाचन त्या प्रतीशी जुळलं तर भाऊ गप्प. नाही जुळलं तर म्हणायचं, “थांबा.” भाऊंच्या नोकरीत बोलायचा शब्द एवढाच होता, आणि तो ते अगदी चवीने उच्चारत.

बाई जन्मांध. त्याबद्दल त्यांची तक्रार कुणी कधी ऐकली नव्हती. तक्रार होती ती फळांबद्दल. बोट जरा चिकट झालं की ते ठिपक्यांवरून सरकत नाही, चिखलात रुतल्यासारखं अडतं. म्हणून कामावर बसल्यापासून सुटेपर्यंत फळ वर्ज्य. आंबा खाऊन कामाला बसायचं तर मध्ये अंघोळ हवी. डाळिंबाचे दाणे तोंडात कमी आणि खुर्चीखाली जास्त जातात. कलिंगडाला अंगण लागतं, शिवाय पोरं लागतात. नोकरदार माणसासाठी केलेलं फळ एकच, केळं. “पण केळं काय हो,” बाई म्हणत, “वरून फोडायचं, आतलं काढायचं. फळ खाल्ल्यासारखं वाटतच नाही. टपाल आल्यासारखं वाटतं.”

आणि जीव सगळा संत्र्यात. संत्र्याएवढं वात्रट फळ दुसरं नाही. सोलायला घेतलं की आधी डोळ्यात उडतं, मग मनगटावरून कोपरापर्यंत फिरून येतं, आणि या सगळ्यातून उरलंच तर तोंडात जातं. “डोळ्यात उडालं की मलाही झोंबतं बरं का,” बाई सांगत. “डोळ्यांनी बघायचं काम सोडलंय, रडायचं नाही.”

बाईंच्या समोरचा जुना जोडीदार निवृत्त झाला आणि उन्हाळ्यात त्या खुर्चीवर भाऊ आले. त्याआधी ते खाली बांधणीत होते. बायको आजारी असताना शेवटची काही वर्षं त्यांनी तिला फळं सोलून भरवली होती. ती गेली, हाताची सवय राहिली. थंडीत बाजारात संत्री आली तेव्हा भाऊंनी पहिल्याच दिवशी एक पिशवीतून काढलं आणि बाईंचा प्रश्न कायमचा सोडवला. साल काढायची. फोडींच्या शिरा एकेक करून ओढायच्या, कारण त्या बाईंच्या कवळीत अडकत. चाकूच्या टोकाने बिया काढायच्या. मग फोड टूथपिकला टोचून टूथपिक बाईंच्या हातात द्यायची. बाईंच्या बोटांना थेंबही लागत नसे. एक फोड बाईंना, एक भाऊंना.

मशीनवाला वर आला की म्हणायचा, “भाऊ, आमचेही हात कामात असतात हो. आमच्याकडे पण बघा कधी.”

“तुझे हात ग्रीसमध्ये असतात,” भाऊ म्हणायचे. “तुला ग्रीसचीच फोड देतो.”

त्याच थंडीत बाईंची बोटं मंदावली.

आधी त्यांनी कागदाला दोष दिला. कागद नेहमीचाच निघाला. मग मशीनला. मशीनवाला दोन दिवस बोलला नाही. मग दोष द्यायला आपण स्वतः तेवढे उरलो, हे बाईंच्या लक्षात आलं. ठिपके बोथट लागत होते. बोट अडत होतं. अडलेला शब्द बाई संदर्भाने ओळखून पुढे जात, आणि त्या इतकी वर्षं वाचत होत्या की त्यांचा अंदाज नेहमी बरोबर येई. अडचण नेमकी तीच होती. छापलेलं चूक, ओळखलेलं बरोबर, आणि भाऊंच्या प्रतीशी तंतोतंत जुळणारं. भाऊ गप्प. चूक पुढे.

शेवटी एका शाळेतून व्यवस्थापकांना फोन आला. भूगोलाच्या पुस्तकात समुद्रापासून पठारापर्यंत बरंच काही बिघडलं होतं. व्यवस्थापक भला माणूस. बाईंना त्यांनी फक्त विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” याहून वाईट विचारता आलं नसतं.

घरी बाईंजवळ त्यांची भाची राहायची. तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने सुई घेतली.

“टोचतंय?”

“टोचतंय.”

“आता कापूस लागतोय?”

“लागतोय. स्वस्तातला आहे.”

डॉक्टरला काही सापडलं नाही. वय झालं की असं होतं, असं म्हणून त्याने हात धुतले. परत येताना रिक्षात बाई म्हणाल्या, “या महिनाअखेर राजीनामा देते. लोकांनी ‘बाई, आता पुरे’ म्हणायच्या आत आपण म्हणावं.”

“मावशी, घरी बसून करशील काय?”

“संत्री खाईन. मनगटं बरबटून घेईन.”

“मग चांगलंच की.”

“चांगलंच. दोन दिवसांचं काम आहे ते. पुढे?”



भाऊंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी बाईंची बोटं निरखून पाहिली. मग म्हणाले, “बाई, बोटांच्या नसांना आंबट लागतं. कमी पडतंय तुम्हाला. उद्यापासून दोन आणतो.” आणि आणू लागले. बाईंचं वाचन आणखी अडखळलं. भाऊंनी मोसंबंही सुरू केलं.

या औषधोपचाराचा पहिला बळी भाऊंची दाढ. फोडीला फोड खाऊन ती ठणकायला लागली आणि एका सकाळी ते ती काढायला गेले. त्यांच्या जागी व्यवस्थापक स्वतः डोळस प्रत घेऊन बसले.

बाईंनी पहिल्या ओळीवर बोटं ठेवली आणि सुटल्या. ठिपके दाणेदार, टोकदार, एकेक वेगळा. अर्धं पान होतं न होतं तोच व्यवस्थापक म्हणाले, “हळू, बाई, हळू. मला डोळ्यांनी वाचावं लागतं.” बाईंनी चुका पकडल्या, इतक्या की मशीनवाल्याला वर बोलवावं लागलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचा राजीनामा त्यांच्या मनातल्या मनात फाटला होता. पण का, ते कळेना.

सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी कालचा गठ्ठा ओढला. वरच्या पानावर बोट ठेवलं. रुतलं. पान नाकाशी नेलं. मग, खोलीत कुणी नाही याची नीट चाहूल घेऊन, त्यांनी पानाला जीभ लावली.

आंबटगोड.

सगळं एका क्षणात उलगडलं. मशीनवरून आलेलं प्रत्येक पान भाऊ त्यांच्यापुढे ठेवत आणि तळहाताने मायेने दाबून सपाट करत. हात धुतलेत का, असं बाईंनी एकदा विचारलं होतं. “पुसलेत,” असं उत्तर आलं होतं. रुमाल आठवड्याचा एकच असे.

ती दुपार बाईंना जड गेली. सांगावं तर ज्या माणसाने शिरासुद्धा काढून दिल्या त्याला सांगायचं की तुमच्या सेवेने माझी नोकरी जात होती. न सांगावं तर ती जाणारच. साखर वाढल्याचं निमित्त सांगावं असंही मनात आलं, पण मग भाऊंनी पेरू आणले असते.

दुसऱ्या दिवशी गाल सुजवून भाऊ आले आणि संत्रं काढलं.

“भाऊ, बोटं बरी आहेत माझी. तुमचे हात चिकट आहेत.”

भाऊंनी स्वतःचे तळहात उलटून पाहिले. “म्हणजे मीच.”

“तुम्ही नाही. हात.”

“हात माझेच की.”

ते उठून बेसिनवर गेले. पाणी पुष्कळ वेळ वाहत राहिलं.

पुढचे दिवस अगदी शिस्तीत गेले. भाऊ पान दोन बोटांत कोपऱ्याने धरून आणत, जणू दुसऱ्याचं तान्हं पोर. टेबलावर संत्रं नाही, गप्पा नाहीत. शाळेचा फोन आला, या वेळी कौतुकाचा. छापखान्यातलं सगळं दुरुस्त झालं आणि बाईंना करमेना.

शनिवारी काम सुटल्यावर त्यांनी भाऊंना दारातल्या पायरीवर अडवलं. भाचीकरवी आणवलेली पिशवी पुढे केली.

“बसा.”

“बाई, माझी बस येईल.”

“येऊ दे. तिला कुठे सोलायचंय.”

भाऊ बसले. सोलायला हात पुढे केला. “अंहं,” बाई म्हणाल्या, “हात मागे. आज माझा आठवडा संपलाय.” आणि त्यांनी अंगठा खुपसला. कोपरापर्यंत धार लागली. दुसऱ्यांदा खुपसला तेव्हा पिचकारी उडाली आणि भाऊ ओरडले.

“कुठे उडालं?”

“डोळ्यात.”

“कुठल्या?”

“दोन्ही.”

“आ करा.”

भाऊंनी केला. फोड शिरांसकट, बियांसकट आत गेली.

“बाई, शिरा आहेत हो.”

“असू देत. तुमची दाढ गेलीय ना, तिथे जागा आहे.”

भाऊ हसले. हसता हसता बी गिळली, आणि डोळे पुसायला रुमाल काढला. तो तोच आठवड्याचा होता, त्यामुळे डोळे आणखीच झोंबले. समोरून बस थांबून निघून गेली. कुठली होती ते दोघांनाही कळलं नाही. मग बाईंनीच त्यांना दंडाला धरून फाटकाजवळच्या नळावर नेलं, तोटी सोडली आणि पिशवीतून पुढचं काढलं.

“दुसरं सोलू?”

“आधी जरा दिसू तरी द्या, बाई.”

“दिसून काय करायचंय? संत्रं आहे.”