भूगोलाचा पाठिंबा

कॉलेजच्या स्टाफरूममधले किस्से कपाटात कोंबलेल्या जुन्या पेपरांसारखे असतात. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात! आम्ही जुने मास्तर लोक नागपुरात सीताबर्डीवर भेटलो की पहिले तीन-चार किस्से हसत हसत निघतात. त्यानंतरचे मात्र कुणी काढत नाही, चहा मागवतात. आज मी एकटाच आहे, तेव्हा सगळेच सांगतो.

* * *

आमच्या स्टाफरूममध्ये तीन विभाग बसायचे. राज्यशास्त्राचे देशकर सर आणि मी, इतिहासाचे बोरकर आणि पोहनकर मॅडम, आणि भूगोलाचा एकटा वानखेडे. देशकर सर सगळ्यांत सीनियर, एक वर्ष हॉलंडमध्ये शिकून आलेले. तिथं म्हणे कुठल्याच पक्षाला बहुमत मिळत नाही. दरवेळी तीन-चार पक्षांनी मोट बांधायची, तेव्हा कुठं मंत्रिमंडळ बनतं.

"अरे, मग आपली स्टाफरूम म्हणजे हॉलंडच की!" सर एकदा म्हणाले आणि त्याच दुपारी सरकार बनलं. सर पंतप्रधान. मला चहा खातं, बोरकरांना पंखे, मॅडमना खिडक्या, वानखेडेला पाणी. कुठलंही खातं दुसऱ्याला द्यायचं तर पाचांत बहुमत हवं.

हॉलंडमध्ये तेव्हा राजीनामा राणीकडे देत. आमची राणी म्हणजे प्राचार्य. त्यांना शेवटपर्यंत याचा पत्ता नव्हता!

* * *

वानखेडे नागपूरजवळच्या खाप्याचा. उंच, शिडशिडीत, खांद्यावर कायम दुपट्टा. रोज सकाळी माठ स्वतः घासायचा, भरायचा, उन्हाळ्यात त्यात वाळ्याची जुडी टाकायचा. शिपायाला हात लावू देत नसे. आणि बोरकरांशी त्याचं एक मिनिट पटत नसे.

बोरकर पंखा फुल सोडायचे, वानखेडेचे नकाशे उडायचे.

"बोरकर, पंखा कमी करा. नाही तर भूगोलाचा पाठिंबा गेला समजा!"

"जा ना गा! कोण अडवून राहिलं तुले?"

गेला! आमचं सरकार पडलं. योगायोग असा की त्याच सुमारास, सत्त्याहत्तर साली, खुद्द हॉलंडमध्ये मे महिन्यात निवडणूक झाली आणि सरकार बनता बनता डिसेंबर उजाडला. सर खूश होते. म्हणाले, "आपण बरोबर चाललोय."

"पण तवरीक पाणी कोण भरन?" बोरकरांनी विचारलं.

सर एकदम गंभीर झाले. "जुनाच माणूस भरेल. तिथला नियम आहे. राजीनामा दिला तरी नव्यानं शपथ घेईपर्यंत जुन्यानं खातं सांभाळायचं. सुटका नाही."

"म्हणजे मेल्यावर बी?" बोरकरांनी पुढं विचारलं.

"त्याबद्दल हॉलंडच्या घटनेत काही म्हटलेलं नाही!"

आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत जास्त वानखेडे हसला.

* * *

मध्येच पोहनकर मॅडमची कामठीला बदली झाली. त्यांच्या खिडक्या कुणी घेतल्या नाहीत. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघेल.

वैशाखातली वावटळ नागपूरकरांना सांगायला नको. दुपारी आम्ही तासावर असलो की लाल धूळ उठायची. धावत स्टाफरूममध्ये यावं तर सगळ्या खिडक्या बंद, कड्या घातलेल्या! असं बरेच दिवस चाललं. बोरकर तर स्टाफरूममध्ये एकटे बसायला तयार होईनात.

शेवटी एकदा मी तास लवकर सोडून आलो. आत मॅडम! तोंडाला पदर बांधलेला, घामानं थबथबलेल्या, शेवटची कडी लावत होत्या.

"मॅडम, तुमची तर बदली झाली ना?"

"बदली झाली हो. पण शपथविधी झाला का कुणाचा?"

कामठीचा सकाळचा तास आटपून बाई बसनं येत होत्या आणि खिडक्या लावून परत जात होत्या! मी खो खो हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हसू नका. मला घरी चैनच पडत नाही. धूळ उठली की पाय आपोआप निघतात." मी ताबडतोब खिडक्यांची शपथ घेतली. त्या रात्री आपल्याला गाढ झोप लागली, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. वर्षभरानं त्या बदली रद्द करून परतही आल्या.

* * *

फाल्गुनात वानखेडे गेला. वर्गात फळ्यावर नद्या काढता काढता खाली बसला, तो उठलाच नाही. आम्ही चौघंही खाप्याला गेलो होतो, कन्हान नदीच्या घाटावर.

भूगोलाची जागा काही भरली गेली नाही. पाणी खातं कुणाला द्यायचं, हा विषय कुणाच्या तोंडी आला नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस कसा बसवायचा?

उन्हाळा तापला. आम्ही येत होतो, माठातलं गार पाणी पीत होतो, वर्गावर जात होतो. वाळ्याचा वास यायचा. मला वाटायचं, बोरकर भरत असतील. बोरकरांना वाटायचं, शिपाई. शिपायाला वाटायचं, मॅडम. एक दिवस चहा पिता पिता सहज विषय निघाला आणि कळलं, माठ कुणीच भरत नव्हतं.

बोरकर उठले, कधी नव्हे तो पंखा कमी केला आणि परत येऊन बसले.

* * *

पुढच्या महिन्यात इतिहासाच्या तोंडी परीक्षेला अमरावतीहून एक बाहेरचे परीक्षक आले. नवखे गृहस्थ. आम्ही पोचलो तेव्हा ते स्टाफरूममध्ये आरामात पाणी पीत बसले होते.

"तुमचा स्टाफ फार अगत्याचा बुवा," ते म्हणाले. "आल्या आल्या पाणी मिळालं. ते उंच सर, दुपट्टावाले. फक्त एक विचित्र प्रश्न विचारला त्यांनी."

"काय?" मॅडमनी विचारलं.

"म्हणाले, तुम्ही शपथ घ्यायले आले काय? मी म्हटलं, नाही, परीक्षा घ्यायला. तर बिचारे एवढंसं तोंड करून निघून गेले."

त्या वर्षी इतिहासाच्या सगळ्या पोरांना तोंडीला भरघोस मार्क मिळाले. बोरकरांचं लक्षच नव्हतं!

* * *

वर्ष झालं आणि वानखेडेची बायको आली. शांताबाई. भर दुपारी खाप्याच्या बसनं उतरून थेट स्टाफरूममध्ये. रिकामी होती म्हणून नेमक्या भूगोलाच्या खुर्चीवर बसल्या.

"दहाव्याले कावळा नाही शिवला," त्या म्हणाल्या. "काय काय कबूल केलं, तरी नाही. आता वर्षश्राद्ध झालं, तवाबी नाही. सपनात येते अन् म्हणते, थांब वं, मले अजून सुट्टी नाही भेटली. सर, काय काम रायलं त्याईचं इथं? काहून अडकवून ठेवलं तुम्ही माझ्या माणसाले?"

देशकर सरांनी चष्मा काढला. मग त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावली. तिथंच, त्याच क्षणी. कुणालाही हसू आलं नाही.

"पाणी खातं मी घेतो," सर म्हणाले. "वानखेडेला मोकळं करायचं. बाजूनं कोण?"

मॅडमनी लगेच हात वर केला. "त्याचे काय हाल होत असतील, ते मला विचारा," त्या म्हणाल्या.

"मी विरोधात," बोरकर बोलले. जन्मभर त्याच्याशी भांडलेले बोरकर! "मी नाही सोडत त्याले. कोणाचं काय बिघडून राहिलं? येते, पाणी भरते, जाते. येऊ द्या ना!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पक्षाचा. पण मला वानखेडे हवा होता. रोज तो गार पेला ओठांना लागला की वाटायचं, आहे अजून. मीही बोरकरांच्या बाजूनं हात वर केला.

दोन विरुद्ध दोन. सर हताशपणे म्हणाले, "बहुमत नाही."

शांताबाई आमच्या चौघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही तं पाच होते ना? मंग त्याईले विचारा."

सर उभे राहिले. खुर्चीत शांताबाई बसलेल्या, म्हणून खुर्चीमागच्या मोकळ्या जागेकडे बघून त्यांनी विचारलं, "वानखेडे, भूगोलाचं मत?"

पंखा बंद होता. बाहेर पोरांचा गलका चालला होता, तोही मला ऐकू येईनासा झाला.

तिवईवरचा माठ कुणी हात न लावता मधोमध उलला. आवाज फार झाला नाही. खापऱ्या दोन बाजूंना कलंडल्या आणि पाणी फरशीवरून पसरत निघालं, वाळ्याच्या काड्यांसकट. बोरकरांनी पाय वर घेतले, मीही घेतले. शांताबाईंनी घेतले नाहीत. त्यांच्या पावलांना भिजवून पाणी उंबऱ्यावरून बाहेर व्हरांड्यात गेलं.

बोरकर टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

 शांताबाईंनी वाकून ओल्या फरशीवर हात टेकवला, कपाळाला लावला आणि पिशवी उचलली.

"खाप्याची गाडी भेटन काय आता?" त्यांनी विचारलं.