पळसाच्या पानांचा नाथा

उज्ज्वलाला उसाच्या फडात पुन्हा न्यायचं नाही, म्हणून तिचा नवरा नाथा पार देशाच्या दक्षिण टोकाला गेला, ग्रेट निकोबार बेटावर, रस्त्याच्या कामाला. तिथं रेंज नसते, बोटीनं बाहेर गेलो तरच फोन करीन, असं त्यानं बजावलं होतं. शेवटच्या फोनवर म्हणाला, "सुनामीत जमीन खचली, दीपगृह पाण्यात उभं हाय. हितून म्होरं आपला देश न्हाई, निस्तं पाणी."

"मंग मागं फिरा की," ती हसली होती.

पुढं दिवाळी उलटली तरी फोन नाही. मुकादम भगवानरावांनी युसूफ वडगावच्या बाजारात ऐकलं, तिकडं कुठंतरी बोट बुडाली. कुठली, ते त्यांनी विचारलंच नाही. ऊसतोडीच्या गाड्या निघायला आल्या होत्या आणि मुकादमाला जोडी लागते: एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. घरात उज्ज्वला एकटी, बायको वारलेला धाकटा दीर परमेश्वरही एकटा. सासू साखराबाईंनी ठरवलं, नाथाचं क्रियाकर्म उरकून दोघांचा पाट लावायचा.

"आत्याबाई, फोन येईस्तोवर थांबा."

"गाडी थांबंल का?"

देह नव्हता म्हणून पळसाच्या पानांचा माणूस केला, नारळाचं डोकं लावलं. नाथाचा शर्ट त्याला ढगळ झाला. "लई वाळला गं पोरगा," एक बाई म्हणाली, अन् बाकीच्या पदराआड हसल्या. मग तो जाळला. उज्ज्वलाच्या बांगड्या दगडावर फोडल्या. तेरवी झाली, पाट लागला.

गाडी निघायच्या सकाळी साखराबाईंचा फोन वाजला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून त्या स्पीकर लावूनच बोलायच्या.

"आई, नाथा बोलतोय. माझा फोन पाण्यात पडलता. उज्ज्वलाला दे."

उज्ज्वला ट्रॉलीत होती. तिनं ऐकलं. भगवानरावांनीही ऐकलं, आणि ड्रायव्हरला हातानं खूण केली.

"ती कामाला गेलीय," साखराबाई म्हणाल्या.

"गाडी कुणाची वाजतीय?"

"परम्या निघालाय फडावर. बायकूला घिऊन."

"परम्यानं दुसरं लगीन केलं? लई ब्येस झालं," नाथा म्हणाला.

उज्ज्वला उतरायला उठली. परमेश्वरानं खाली बघत तिचं मनगट आवळलं. हातात नव्या बांगड्या होत्या. फडात काच टिकत नाही म्हणून सासूनं प्लॅस्टिकच्या भरल्या होत्या. त्या वाकल्या, फुटल्या नाहीत.