पणजी एल्स्पेटचा पत्ता
आमची इना चौऱ्याहत्तर वर्षांची, पण हट्ट चार वर्षांच्या पोराचा. डंडीच्या ताग गिरण्यांत राबलेल्या बायका अशाच. थोरली बहीण म्हणून सोसते मी.

त्या हिवाळ्यात तिच्या नातीला, शोनाला, पाचवा महिना लागला होता. मुलगी झाली तर घराण्यातलं जुनं नाव ठेवीन म्हणाली. इना पटकन बोलून गेली, "एल्स्पेट ठेव. आमच्या पणजीचं."

आमचा भाऊ डूगल खो खो हसला. निवृत्त झाल्यापासून त्याला वंशावळीचं वेड लागलंय. "पळपुटीचं नाव? १८८१ ची खानेसुमारी बघ. नवरा मेलेला, तीन पोरं आजीच्या खोलीत आणि आई गायब! अख्ख्या स्कॉटलंडात आपली विधवा एल्स्पेट पेट्री नाही. गेली असेल कुणा खलाशाबरोबर."

शोनाचा चेहरा पडला, पण इनाचा त्याहून जास्त. असा राग आला मला डूगलचा! इनाही तान्ह्या लेकाला, रॉयला, आईकडे ठेवून गिरणीत जायची. शेजारणी तिला काय काय बोलल्या, ते मी या कानांनी ऐकलंय.

"पणजीला शोधल्याशिवाय नाव ठेवू देणार नाही," इना म्हणाली आणि तिनं ग्रंथालयातल्या संगणकावर खानेसुमारी उघडून ठाण मांडलं. माऊस मी हलवायचा, हुकूम तिनं सोडायचे. एकदा ॲबर्डीनची एल्स्पेट पेट्री सापडली, वय सत्तर.

"ही कसली पळते!" मी म्हटलं. इनाला हसू आलं नाही.

मार्चमध्ये आम्ही आईच्या थडग्याचा दगड घासायला गेलो. शेवाळ निघालं आणि अक्षरं दिसली: जेसी लॉसन, विल्यम पेट्रीची पत्नी. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"इना, अगं ठार वेड्या आहोत आपण! आपल्याकडे बाई मेली तरी माहेरचं नाव सुटत नाही. जुन्या काळी विधवेला तर सगळे पुन्हा त्याच नावानं ओळखायचे. आणि आपण सासरच्या नावानं शोधत बसलोय!"

पणजी माहेरची इम्री. ओल्या बुटांनीच ग्रंथालय गाठलं. एल्स्पेट इम्री, विधवा, वय एकोणतीस, ताग गिरणीत कामाला. मग पत्ता पाहिला. पोरांच्या आजीचीच इमारत, तोच जिना. खाली एका खिडकीच्या खोलीत आजी, पोरं, काका-काकू धरून नऊ माणसं. पणजी वरच्या मजल्यावर, एका विणकर बाईकडे भाड्यानं.

"जागा नव्हती गं, बेथिया," इना म्हणाली. "पोरांना निजवून वर जात असेल बिचारी." आणि तिथंच ढसाढसा रडली.

संध्याकाळी डूगल चहाला आला. इनानं छापील पान त्याच्या बशीशेजारी ठेवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. टक्कल लाल झालं.

"वरच्याच मजल्यावर?"

"हो. मीही रॉयला ठेवून जायचे, डूगल. मी पळाले होते का रे?"

"नाही गं," तो म्हणाला. "चुकलंच माझं." मग त्यानं वंशावळीतली ‘पळून गेली’ ही ओळ खोडली. मी मात्र त्याला केकचा तुकडा दिला नाही. मुळीच नाही.

मे महिन्यात शोना बाळाला घेऊन इनाकडे आली. पोरीनं असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली. "अहो, काय झालं?"

"काही नाही," इना म्हणाली. "आमची एल्स्पेट घरी आलीय."