शिफारशीचा रकाना

वकीलसाहेबांनी माझा अर्ज हातात घेतला न्हाई. ओसरीच्या पायरीवर ठेवायला लावला, तांब्यातलं पाणी शिंपडलं, मंग उचलला. तोवर शाई फुटली होती. माझं नाव, धंदा, हत्यारांची यादी, सगळा निळा चिखल.

"खराब झाला रे," ते म्हणले. "पुन्हा लिहून आण. सही देतो म्हणलं ना."

"उपकार झाले साहेब." मी मनापासून म्हणलं.

उपकार होतेच. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्सं झाल्ती. जुन्या जालन्यात एका कापडदुकानाच्या ओट्याखाली मी वहाणा शिवायचो. माझं गाव पार पैनगंगेकडं. इथं नातं न्हाई, गोतं न्हाई. सरकार लहान धंद्याला यंत्रासाठी मदत देऊन राह्यलंय, हे वकीलसाहेबांनीच सांगितलं. चामडं शिवायचं यंत्र आलं तर खोली घेता आली असती. मायला आणता आलं असतं. फक्त अर्जाच्या शेवटी शिफारशीचा रकाना होता. गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही. मला ओळखणारा तसा माणूस हा एकच. ओळख त्यांच्या वहाणा शिवण्याची.

तिसरीत शाळा सुटलेली. एका अर्जाला मला तीन दिवस लागायचे. तपासायला कुणी न्हाई, म्हणून स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवायचो. या बारीला अक्कल लढवली. पेन्सिलीनं लिहिला. साहेबांनी पाणी शिंपडलं, सही केली. अक्षर शाबूत. मला केवढा आनंद.

कचेरीतल्या कारकुनानं तो शेजारच्याला दाखवला. "पाटीच आणली असती तर पुसायलाही सोपं गेलं असतं." मंग मला म्हणला, "पेन्सिलीचं बिलकुल चालत न्हाई. कुणी शिकवलं रे?"

माझ्या कागदावर पाणी शिंपडतात म्हणून, हे चारचौघांत कसं म्हणावं? अन् तिथंच कळलं, मी सोय केल्ती. त्यांच्या विटाळाची सोय. माझ्या डोक्यानं. माझ्या हातानं.

तिसरा अर्ज शाईनं लिहिला. पायरीपाशी उभा राह्यलो, कागद पुढं धरला.

"ठेव खाली."

"हातातून घ्या साहेब."

"काय म्हणलास?"

"हातातून घ्या. भिजला की वाया जातो."

"तुझं भलं करायला गेलो, तर तू मलाच शिकवून राह्यला. आता जालन्यात तुला सही कोण देतं, बघतो."

हात भरून आला. कागद खाली ठेवला न्हाई. ते आत गेले. दार लागलं.

रात्री एकट्यानंच भाकर खाल्ली. या गावात माझ्याशी दोन शब्द बोलणारं एक माणूस होतं. तेही गेलं.

सकाळी शिफारशीच्या रकान्यात मीच लिहिलं: "मी चांभार. माझ्या हातातून अर्ज घेत नाहीत. म्हणून सही नाही." खाली माझं नाव.

मदत आली न्हाई. पुढच्या सालीही न्हाई. माय अजून गावीच आहे. तरी दरसाल अर्ज करतो, रकाना तसाच भरतो. कारकून म्हणतो, "अरे, एवढी ओळ काढ, कुणाचीही सही आण, जल्दी काम होईल."

काढणार न्हाई. या गावात तुला कोण ओळखतं, असं सरकार विचारतंय. मी खरं तेच लिहिणार.