नाल्याच्या त्या काठावर राहिलेली बॅग

खरं सांगू का, ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते हसायला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइल काढायचा आणि कोणाला पिंपळाखाली बाई दिसली, कोणाच्या स्कूटरवर मागं कोण बसलं, ते वाचत बसायचं. माझे चुलत सासरे स्वतः बाधा उतरवतात. लोक लांबून लिंबं घेऊन येतात आणि त्याच लिंबांचं आमच्याकडं उन्हाळाभर सरबत होतं. अशा घरात नांदलेल्या बाईला कोण घाबरवणार? तेव्हा हे मी लिहिणारच नव्हते. पण माझी मैत्रीण करुणा म्हणाली, "लिहून टाक वं, तुह्या पोटात तसंही राह्यत नाई." म्हणून लिहिते आहे. पटलं तर घ्या, नाही तर सरबत करा...

आम्ही बोथचे. जिल्हा आदिलाबाद, राज्य तेलंगणा, घरात मराठी, ऑफिसात तेलुगू आणि व्यापाऱ्याशी हिंदी. माझं बांगड्यांचं दुकान आहे. करुणा माझ्या भिंतीला भिंत लागून राहते, सरकारी शाळेत शिकवते. आम्ही हिंदू, ती ख्रिस्ती. नाताळचा केक आमच्याकडं येतो, दिवाळीचा चिवडा तिकडं जातो, आणि बाकी वेळ भांडण असतं की कुंडीतलं पाणी कोणाच्या अंगणात आलं.

मागच्या वर्षी तिचा नवरा गेला. रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही. तेव्हापासून करुणानं चर्चला जाणं सोडलं. तिच्या चर्चचे लोक घरी येऊन गेले, समजावून गेले, पण ती अर्धं दार उघडूनच बोलली. शेवटी मीच, दुसऱ्या धर्माची बाई, तिला म्हटलं, "जा ना वं एकदा. तेवढीच चार मानसं भेटतीन."

"त्यानं मले एकटी टाकलं," ती म्हणाली. "आन मी त्याच्यासाठी गानी म्हनू?"

हा 'तो' म्हणजे तिचा देव. 

तिच्या चर्चमध्ये नवे पास्टर आले होते. त्यांना सगळे अय्यगारू म्हणतात. माणूस तेलुगू, ठेंगणा, सदा हसरा, मराठी बोलतो पण अर्धी हिंदीच्या आधारानं. ह्यांची तऱ्हाच वेगळी. संकटावरचं प्रवचन म्हणे खुर्चीत बसून ऐकलं की झोप येते, चढणीवर ऐकलं की कळतं. म्हणून ते माणसांना डोंगरात नेतात, दोरी धरून दगड चढायला लावतात, नाल्यातून चालवतात. दसरा झाल्यावर त्यांनी बोथच्या पलीकडच्या सागाच्या जंगलात एक दिवसाची चढाई ठरवली. करुणा म्हणाली, शोभा आली तर येते. शोभा म्हणजे मी. बतुकम्मा, म्हणजे इकडचा बायकांचा फुलांचा सण, त्याचा आणि दसऱ्याचा धंदा आटोपला होता, दुकान नवऱ्याच्या गळ्यात टाकलं आणि निघाले.

पायथ्याशी एक गोंड वस्ती आहे, तिथं गाड्या ठेवल्या. आता नियम ऐका. अय्यगारूंनी सगळ्यांच्या बॅगा एका जागी ढीग करायला लावल्या. म्हणाले, "अपना बॅग अपना नाही. दुसऱ्याचा उचला. आणि आपला कुठं आहे ते बघायचा नाही, विचारायचा पण नाही. विश्वास ठेवायचा." आपलं ओझं माणूस कुरकुर करत टाकून देतो, दुसऱ्याचं टाकता येत नाही, असा काहीतरी त्यांचा धडा होता. मला अम्मगारूंची म्हणजे त्यांच्या बायकोची बॅग आली. आत कुकर होता, आणि कुकरात शिजवलेले छोले. माझ्या बॅगेत भाकरी आणि ठेचा, ती कोणाच्या पाठीवर सुखात चालली होती देव जाणे.

करुणाची निळी बॅग खुद्द अय्यगारूंनी घेतली. तिच्या पट्ट्याला पिवळा रुमाल बांधलेला होता. आणि त्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात करुणाचा दम्याचा पंप. मी तिला म्हटलंही, पंप पदराला बांध. ती म्हणाली, "अय्यगारू माह्या बाजूनंच चालून राह्यले. हात लांबवला की भेटते."

झकास चाललो होतो. थंड हवा, सागाची पानं पायाखाली, कोणी तेलुगूत गातंय, कोणी मराठीत, सूर कोणाचाच लागत नव्हता. मध्ये नाला आला. पाणी गुडघ्याला होतं, पण तळाशी शेवाळ. तेव्हा सगळ्यांनी रांग केली आणि बॅगा हातोहात पलीकडं दिल्या. अय्यगारू पाठीवरची बॅग उतरवून पाण्याच्या मधोमध उभे, सगळ्यात शेवटी बाहेर आले. पलीकडं ज्याच्या हाताशी जी बॅग आली ती त्यानं पाठीला मारली, मला परत कुकरच आला, आणि चढण सुरू.

इथंच घोळ झाला. आपापली बॅग असती तर ज्याची राहिली तो लगेच ओरडला असता. पण आमच्यात आपली बॅग बघायचीच बंदी. अय्यगारूंनी पाहिलं, आपले खांदे रिकामे आहेत, आणि त्यांना वाटलं, दमलेल्या माणसाचं ओझं कोणीतरी प्रेमानं उचललं. त्यांनी म्हणे मनातल्या मनात देवाचे आभारसुद्धा मानले. आणि आम्ही सगळे विश्वास ठेवून चालत राहिलो.

चढण उभी होती. वरच्या अंगाला डोंगरावर काळं आभाळ दाटलं होतं, तिकडं पाऊस पडत होता, आमच्याकडं टिपूसही नाही. पठाराच्या थोडं अलीकडं करुणा थांबली. छातीवर हात ठेवला. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी हा आवाज ओळखते, भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलाय.

"पंप," ती म्हणाली.

अय्यगारूंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "करुणा का बॅग किसके पास है?" कोणाकडंच नव्हती. एकेकाची पाठ फिरवून पाहिली. हिरवी, काळी, माझी, कुकरवाली. निळी नाही. अय्यगारूंचं तोंड उतरलं, मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

करुणाचे ओठ निळसर पडायला लागले होते. हातपाय गाळून बसणं मला जमत नाही. मी आणि विजय, हा त्यांच्याच चर्चमधला इलेक्ट्रिशियन, तडक खाली पळालो. वाट एकच आहे, दोन्हीकडं काटेरी झुडपं, बाजूला सरायलाही जागा नाही. नाल्यावर पोचलो आणि पाहतच राहिलो. गुडघाभर पाण्याचा लोंढा झाला होता. वर पडलेला पाऊस खाली आला होता, मातकट पाणी, त्यात लाकडं वाहून चाललेली.

आणि त्या काठावर, काळ्या सपाट दगडावर, करुणाची निळी बॅग. पिवळा रुमाल फडफडत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. विजयनंही पाहिली.

विजय पाण्यात उतरला तर कंबरेपर्यंत जाताच पाय उचलले गेले त्याचे. मी त्याला शर्टाला धरून ओढला. "मरतं का बे?" म्हटलं. तो रडकुंडीला आला होता. मीही आले होते. बॅग डोळ्यांसमोर होती आणि काही उपयोग नव्हता. मग म्हटलं, चल वर, तिला उचलून दुसऱ्या कुठल्या अंगानं खाली नेऊ. परत चढलो. वाटेत मी करुणाच्या देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, मॉडरेटर काढून टाकतील.

वर पोचलो तर करुणा झाडाला टेकून बसली होती. हातात पंप. श्वास लागत होता, पण आत-बाहेर नीट होत होता. ओठांना रंग आला होता. आणि मांडीवर निळी बॅग, पट्ट्याला पिवळा रुमाल.

अम्मगारू माझ्याकडं बघून हसल्या. "बरं झालं तुमी लवकर पाठवली."

"काय पाठवली?"

"बॅग."

"कोणासंगं?"

त्यांनी विजयकडं पाहिलं. मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. झालं होतं असं की आम्ही खाली गेल्यावर सगळे करुणाभोवती बसून प्रार्थना करत होते. डोळे उघडले तर बॅग तिच्या पायाशी. कोणी आणली? पाहिलं नाही. का पाहिलं नाही? डोळे मिटले होते! एवढी माणसं, आणि एकानं तरी किलकिला डोळा ठेवावा की नाही? आमच्या आरतीत निम्मे लोक प्रसादाकडं बघत असतात, ते बरं.

संध्याकाळी पाणी ओसरलं आणि आम्ही सुखरूप उतरलो. वस्तीत विचारलं. एक म्हातारा म्हणाला, नाला भरला की इथलं जनावरसुद्धा पाण्यात पाय घालत नाही, आणि वरून फिरून यायचं तर अर्धा दिवस लागतो. शिवाय कोणी आलं असतं तर त्या एकाच वाटेवर आम्हाला धडकूनच वर गेलं असतं. विजय अजून शपथेवर सांगतो की बॅग पलीकडं होती. मला वाटलं होतं, अय्यगारू आता चमत्कार-चमत्कार करत माइक घेतील. तर ते म्हणाले, "शोभाम्मा, मला माहीत नाही. माहीत नाही ते मी कसं सांगू?" तेव्हापासून मला तो माणूस आवडायला लागला.

पुढच्या आठवड्यात करुणा दुकानात आली. बांगड्या बघायच्या बहाण्यानं बसून राहिली. मग म्हणाली, "शोभा, तवा मीबी डोळे मिटले होते. वर्षानंतर पयल्यांदा."

"पंप मागितला असशीन."

"नाई वं. पंपाचं त ध्यानातच नोतं. मी म्हटलं, मरायचं असंल त मरते, पन एकटी नको ठेवू."

मी बांगड्यांचा डबा बंद केला. एक गोष्ट मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती, विजयलाही नाही. ती तिला सांगितली. त्या दिवशी वर पोचल्याबरोबर मी तिला मोकळा वारा लागावा म्हणून तिच्या मांडीवरची बॅग उचलून बाजूला ठेवली होती. पाण्याचा कुठं थेंब नव्हता बॅगेवर. पण पट्टे ओले होते, आणि बॅगेची पाठीला लागणारी बाजू ऊबदार. मी दिवसभर कुकर वाहिला होता, घामानं भिजलेला पट्टा कसा लागतो ते मला तेव्हा चांगलं ठाऊक होतं. ती बॅग कोणाच्या तरी पाठीवरून नुकतीच उतरली होती.

ह्याचा अर्थ काय, मला विचारू नका. मी आजही लिंबाचं सरबतच करते. खूप डोकं खाजवलं, पण उलगडा होत नाही.

करुणानं मात्र सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती, वर्षभरात तिला तशी हसताना मी पाहिली नव्हती. पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "म्हंजे माही बॅग त्यालेबी जड गेली असंल वं."