बांधावरचा कोतवाल

वैशाखातला रविवार. बांधावरच्या बाभळीचा सौदा साडेचार हजारांना ठरला. हजर तिघं: मी, माझी बायको आणि इंदापूरचे लाकूड व्यापारी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांनी पाचशे रुपये विसार दिला. बाभळीच्या सावलीत उसाच्या दोन सऱ्या खुरटत होत्या, म्हणून मला ती नको होती.

गुरुवारी तात्या टेम्पो आणि कटर घेऊन डाळजला आमच्या शेतात आले. बायकोनं वर बोट केलं. "अहो, शेंड्याला कोतवालाचं घरटं हाय."

"कोतवालाचंच हाय? मग आता तक्रार कुठं करायची?" तात्या हसले.

मला मात्र भलताच प्रश्न पडला. या काळ्या, दुभंगल्या शेपटीच्या पाखराला कोतवाल का म्हणतात?

"पहाटं सगळ्यांच्या आधी वरडतो," तात्या म्हणाले. "गावचा कोतवाल दवंडी देतो, तसंच."

"वरडतो तर कोंबडा बी," बायको म्हणाली. "त्याला कोण कोतवाल म्हणतं?"

मला एवढंच ठाऊक होतं की कोतवाल म्हणजे मुळात कोट राखणारा. पण इथं कोट कुठला? चहा येईपर्यंत बघत बसलो. हायवेवरच्या धाब्याकडून एक कावळा आला. कोतवाल त्याच्या पाठीवर असा आदळला की कावळा थेट कालव्यापलीकडे गेला. खालच्या फांदीवर होला अंडी उबवत होता, शेजारच्या फांदीवर बुलबुल. दोघंही जागचे हलले नाहीत. कोट सापडला.

मग बांधावर एका साळुंकीनं नाकतोडा धरला. कोतवाल घार आल्यासारखा ओरडला. साळुंकी नाकतोडा टाकून पळाली आणि तो यानं गिळला.

"हप्ता बी घेतो की हो!" तात्या म्हणाले. "आता पटलं. नाव बरोबर हाय."

हिवाळ्यात हरभऱ्यावर घाटेअळी आली, तेव्हा कोतवालांनी बसावं, अळ्या खाव्यात म्हणून मीच रानात काठ्यांचे पक्षीथांबे रोवले होते. ते आले, बसले, माझी एक फवारणी वाचली. त्यांना बसायला काठ्या दिल्या आणि राहतं झाड विकलं, हे मला त्या बांधावर उमगलं.

"तात्या, सौदा मोडतो."

"अन् माझा हेलपाटा?"

विसाराचे पाचशे आणि डिझेलचे चारशे, असे नऊशे रुपये तात्यांना रोख दिले.